रुग्णवाहिकेचं बिल पाहून डोळे पांढरे झाले तर: काय करायचं, कोणत्या क्रमाने आणि कोणाकडे

रुग्णवाहिकेच्या बिलावरून भांडणारा माणूस बहुतेक वेळा खरा असतो आणि तरीही त्याच्या हाती काही लागत नाही. क्रम चुकतो म्हणून. दवाखान्याच्या दारात ड्रायव्हरशी हुज्जत होते, कोणीतरी नातेवाईक "जाऊ दे रे, आत्ता ही वेळ आहे का" म्हणतो, रोख पैसे दिले जातात, पावती मागायची राहते. पेशंट घरी आल्यावर पंधरा दिवसांनी हिशोबाची वही उघडली की राग येतो. तोवर हातात कागदाचा कपटाही नसतो.

माझ्या मामेभावाच्या अपघातात आमचं हेच झालं. रुग्णवाहिकेच्या भाड्याची 'पावती' औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलेली होती. त्यावर ना गाडीचा नंबर, ना किलोमीटर, ना तारीख. विमा कंपनीने ती परत पाठवली आणि पाठवायलाच हवी होती. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांची बिलं निस्तरायला मदत केली. तेव्हा जो क्रम उपयोगी पडला तो खाली देतोय. तो महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णवाहिकांसाठी आहे.

त्याआधी एक खातरजमा करा. तुम्ही बोलावलेली गाडी १०८ ची होती का? १०८ ची सेवा मोफत आहे. गरोदर बाई, बाळंतीण आणि एक वर्षापर्यंतचं आजारी बाळ यांची सरकारी दवाखान्यात जाण्याची, तिथून पुढे पाठवलं तर त्या प्रवासाची आणि घरी परतण्याची सोयही मोफत आहे. त्यासाठी १०२ ची गाडी असते. या दोन्हींत कोणी पैसे घेतले असतील तर बिलाची चिकित्सा करत बसू नका. गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या. पुढचं सगळं खासगी गाडीसाठी आहे.

## टप्पा १: गाडी अजून दारात उभी असताना

या दहा मिनिटांत जे हाती येतं ते नंतर महिनाभर धावपळ करूनही मिळत नाही. पेशंटजवळ एक माणूस राहू द्या, दुसऱ्याने खाली जाऊन एवढं करावं:

१. गाडीचा पुढून फोटो काढा. नंबरप्लेट आणि गाडीवर लिहिलेलं नाव दोन्ही दिसायला हवं.

२. डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. निघतानाचा असेल तर उत्तमच, पण पोहोचल्यावरचा तरी घ्याच.

३. गाडीच्या आतला फोटो घ्या. व्हेंटिलेटर होता का, मॉनिटर होता का, ऑक्सिजनचे सिलिंडर किती आणि केवढे होते हे त्यातून कळतं. पेशंटचा चेहरा त्यात येऊ देऊ नका.

४. सोबत आलेल्या माणसाचं नाव आणि हुद्दा विचारा. "डॉक्टर आहेत" असं सांगितलं तर पूर्ण नाव आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. खरा डॉक्टर असेल तर तो यात राग मानत नाही.

५. पावती मागा. छापील पावतीपुस्तक नसेल तर कोऱ्या कागदावर चालेल, पण त्यावर तारीख, गाडी क्रमांक, कुठून कुठे, किती किलोमीटर, कशाचे किती आणि सही असलीच पाहिजे.

पैसे शक्यतो रोख देऊ नका. यूपीआयने देताना शेरा लिहायच्या जागेत 'रुग्णवाहिका भाडे', मार्ग आणि गाडीचा नंबर टाका. ड्रायव्हर म्हणेल, "मालकाच्या नाही, माझ्या नंबरवर टाका." टाका, पण कोणाच्या खात्यावर गेले त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

रक्कम मान्य नसेल आणि तरी द्यावीच लागत असेल तर पावतीच्या तुमच्या प्रतीवर आणि त्यांच्या प्रतीवरही 'हरकत नोंदवून पैसे दिले' असं लिहून सही करा. त्यांच्या प्रतीवर लिहू देत नसतील तर तेच वाक्य लगेच व्हॉट्सॲपवर ड्रायव्हरला किंवा मालकाला पाठवा. त्या संदेशावरची वेळ पुढे कामी येते.

सावधान: पैशांसाठी पेशंटला गाडीतून उतरू देत नसतील तर वाद घालू नका, ११२ वर फोन लावा. मृतदेह बिलासाठी अडवून ठेवणं रुग्णालयालाही चालत नाही. रुग्ण हक्कांची सनद राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्येच आली आहे आणि ती रुग्णालयात दर्शनी भागात लावलेली असायला हवी.

यातलं काहीच केलं नसेल, पैसे देऊन महिना उलटून गेला असेल, तरी पुढचा टप्पा सोडू नका. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.

## टप्पा २: कागद जमवा, पण कोणाला फोन करू नका

ही माझी अट आहे आणि लोक नेमकी तीच मोडतात. कागद हातात येण्याआधी केलेला रागाचा फोन समोरच्याला सावध करतो. मग हवी ती पावती मिळत नाही, किंवा नंतर सोयीची बनवून दिली जाते.

काय जमवायचं?

ज्या दवाखान्यातून निघालात तिथून रेफर चिठ्ठी. पेशंटला ऑक्सिजन चालू होता का, किती लिटरवर होता, व्हेंटिलेटर लागणार होता का, हे तिच्यात असतं. बिलातल्या महागड्या ओळींचा खरेखोटेपणा इथूनच ठरतो.

ज्या दवाखान्यात पोहोचलात तिथून कॅज्युअल्टीचा पहिला कागद. त्यावर दाखल होण्याची वेळ असते. 'वेटिंग'चे तास मोजायला हा कागद लागतो.

वैद्यकीय नोंदी लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्यात असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या. तोंडी मागणाऱ्याला "उद्या या" ऐकावं लागतं.

फोनमधून कॉलची यादी घ्या. गाडी कधी बोलावली, ड्रायव्हरचा पहिला फोन कधी आला, सगळं तिथे असतं. कितीला ठरलं ते व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर ते पुसू नका. घरातल्या कोणाच्या फोनवर नकाशाचा प्रवास-इतिहास चालू असेल तर त्या दिवसाचा रस्ता आणि वेळ आयती मिळते.

गाडीबद्दल एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. गाडी रुग्णवाहिका म्हणून नोंदलेली आहे का, फिटनेस आणि विमा चालू आहे का, हे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, ते पावतीवरून किंवा आरटीओकडून घ्यावं लागतं. साध्या प्रवासी गाडीला लाल-निळा दिवा लावून पेशंट नेला असेल तर प्रकरणाला वेगळंच वळण लागतं, तेव्हा हे आधीच पाहून ठेवा.

तपासणी: सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. सगळ्यांची स्कॅन प्रत काढा. मूळ पावती विमा कंपनीला द्यावी लागते आणि ती परत येत नाही. झेरॉक्स न काढता मूळ पावती देऊन बसलेले लोक मी तीनदा पाहिलेत.

## टप्पा ३: बिल फोडा

एकूण आकड्यावर भांडू नका. "सतरा हजार? ही काय लूट आहे का?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, कार्डिॲक गाडी आहे, रात्रीची वेळ होती." बिलातली एकेक ओळ वेगळी काढली की असं उत्तर देता येत नाही.

बिल तुटक असेल तर आधी तपशीलवार बिल मागा. ते आलं की पुढच्या सहा गोष्टी पाहा.

किलोमीटर. नकाशावर निघण्याचं आणि पोहोचण्याचं ठिकाण टाकून अंतर काढा, स्क्रीनशॉट ठेवा. परतीचं रिकामं अंतर धरायचं की नाही ते दरपत्रकावर ठरतं (टप्पा ४ पाहा). धरायचं असलं तरी दुप्पट होईल, तिप्पट नाही. गाडी तिच्या थांब्यापासून तुमच्यापर्यंत आली ते अंतरही काही जण गुपचूप घालतात. ते आधी सांगितलं होतं का, हा तुमचा प्रश्न.

गाडीचा प्रकार. केंद्राच्या रुग्णवाहिका मानकात, म्हणजे एआयएस-१२५ मध्ये, चार प्रकार आहेत: प्रथम प्रतिसाद देणारी, रुग्णाला नुसती नेणारी, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. बोलीभाषेत आपण साधी गाडी, ऑक्सिजनची गाडी आणि कार्डिॲक म्हणतो. कार्डिॲकचं भाडं लावलं असेल तर व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) गाडीत होते का ते टप्पा १ मधल्या फोटोत बघा. गाडी खरोखर कार्डिॲक होती पण रेफर चिठ्ठीत तिची गरजच लिहिलेली नाही, असंही होतं. मग ती कोणी सुचवली हा प्रश्न दवाखान्याला विचारायचा. वॉर्डबॉयने फोन लावून दिलेल्या गाडीत हे जास्त घडतं, आणि का घडतं ते सांगायला नको.

ऑक्सिजन. इथे शाळेतलं गणित करा. रुग्णवाहिकेत हाताने उचलता येणारा जो बी-टाइप सिलिंडर असतो त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,०००. पेशंटला मिनिटाला ४ लिटर चालू असेल तर तासाला २४० लिटर लागतात. म्हणजे भरलेला एक छोटा सिलिंडर सहा तास पुरतो. अडीच तासांच्या प्रवासाला दोन सिलिंडर लावले असतील तर विचारा कसे. मात्र व्हेंटिलेटर किंवा १०-१५ लिटरचा प्रवाह असेल तर खप खूपच वाढतो. तेव्हा रेफर चिठ्ठीवरचा आकडा पाहिल्याशिवाय आरोप करू नका.

सोबतचा माणूस. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ आणि नुसता मदतनीस यांचे दर वेगळे असतात. डॉक्टरचे पैसे लावले असतील तर नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. हा प्रश्न लेखी गेला की ही ओळ पुष्कळदा आपोआप गळते.

टोल. राष्ट्रीय महामार्गांवर रुग्णवाहिकेला टोल माफ आहे. बिलात टोल दिसला तर पावती मागा.

जीएसटी. रुग्णवाहिकेतून रुग्ण नेण्याच्या सेवेवर जीएसटी नाही, ती करमुक्त सेवांच्या यादीत आहे. तरीही मी १८ टक्के लावलेली बिलं पाहिली आहेत आणि त्यातल्या एकावर जीएसटी क्रमांकाची जागा कोरी होती.

### एक उदाहरण

समजा, साताऱ्याहून पुण्याला पेशंट नेला. अंतर सुमारे ११० किलोमीटर. दर सोयीसाठी किलोमीटरला २० रुपये आणि परतीसह धरूया (हा खरा दर नाही, फक्त हिशोबासाठी घेतलाय). बिल असं आलं:

- भाडं, ३२० किमी: ६,४०० रुपये
- ऑक्सिजन, २ सिलिंडर: ३,००० रुपये
- सोबत डॉक्टर: ३,५०० रुपये
- वेटिंग, ३ तास: १,५०० रुपये
- टोल: ६०० रुपये
- वरील १५,००० वर १८ टक्के जीएसटी: २,७०० रुपये
- एकूण: १७,७०० रुपये

आता ओळीओळीने पाहू. जाऊन-येऊन अंतर २२० किमी, म्हणजे भाडं ४,४००. ऑक्सिजन मिनिटाला ४ लिटर, अडीच तास, एकूण ६०० लिटर, म्हणजे एकच सिलिंडर, १,५०० रुपये. डॉक्टर नव्हता, मदतनीस होता, त्यामुळे शून्य. गाडी पोहोचली आणि पेशंट आत गेला यात कॅज्युअल्टीच्या कागदाप्रमाणे ४० मिनिटं गेली, म्हणून तासाभराचं वेटिंग, ५०० रुपये. टोल आणि जीएसटी दोन्ही शून्य. बेरीज ६,४०० रुपये. म्हणजे ११,३०० रुपयांवर तुमचा आक्षेप आहे आणि प्रत्येक आक्षेपामागे एक कागद आहे.

सगळ्या बिलांत एवढी तफावत निघणार नाही. कधी हिशोब मांडल्यावर बिल बरोबर निघतं, फक्त महाग असतं. तसं असेल तर आरटीओच्या दाराशी जाण्यापेक्षा मालकाशी सवलतीचं बोलावं, आणि मग टप्पा ६ मधल्या विम्यावर लक्ष द्यावं.

## टप्पा ४: सरकारी दरपत्रक मिळवा

रुग्णवाहिकेला टॅक्सीसारखा मीटर नसतो म्हणून तिचा दरही ठरलेला नसतो, असा समज पक्का बसलाय. महाराष्ट्रात प्रादेशिक परिवहन प्राधिकरण हे दर ठरवतं. जिल्ह्यात त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि कारभार आरटीओ कार्यालय बघतं. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवायला सांगितलं होतं.

दरपत्रकाचा ढाचा साधारण असा: गाडीच्या आकारानुसार गट, पहिल्या २५ किलोमीटरला किंवा दोन तासांना ठरावीक रक्कम, त्यापुढे दर किलोमीटरला इतके. पाहायच्या गोष्टी तीन: तुमची गाडी कोणत्या गटात येते, परतीचं अंतर धरलंय का, आणि वेटिंगची आकारणी कधीपासून सुरू होते. व्हेंटिलेटर आणि डॉक्टर दरपत्रकात धरले आहेत की वेगळे, हेही वाचा. 'दरपत्रकापेक्षा जास्त घेतले' अशी तक्रार करून नंतर डॉक्टरचा खर्च त्यात नव्हताच असं कळलं तर तोंडावर पडायला होतं.

दरपत्रक मिळवायचं कसं? आधी आरटीओच्या सूचनाफलकावर आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर पाहा. गाडीतही ते लावलेलं असायला हवं, म्हणून आतल्या फोटोत शोधा. कुठेच नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात एवढंच विचारा: 'अमुक तारखेला या जिल्ह्यात लागू असलेल्या रुग्णवाहिका भाडेदराच्या आदेशाची साक्षांकित प्रत द्यावी.' दहा प्रश्न घातलेत तर नऊ उत्तरं उडवाउडवीची येतात.

सामान्य चूक: वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणातले किंवा शेजारच्या जिल्ह्यातले दर दाखवणं. दर प्राधिकरणागणिक वेगळे असतात आणि बदलतात. तुमच्या प्रवासाच्या तारखेला जो आदेश लागू होता तोच चालतो.

## टप्पा ५: मालकाला लेखी पत्र

आता फोन उचलायला हरकत नाही, पण ड्रायव्हरला नको. ड्रायव्हर बहुतेक पगारावर किंवा फेरीच्या कमिशनवर असतो, पैसे परत करणं त्याच्या हातात नसतं. मालकाला गाठा, थोडक्यात सांगा आणि "लेखी पाठवतो" म्हणून फोन ठेवा.

बिल रुग्णालयाच्या मोठ्या बिलातच आलं असेल तर पत्र रुग्णालयाच्या बिलिंग विभागाला आणि तक्रार निवारण कक्षाला जातं. "गाडी बाहेरची आहे, आमचा संबंध नाही" हे उत्तर पावती रुग्णालयाच्या नावाची असेल तर टिकत नाही. पावती कोणाच्या नावाची आहे ते आधी पाहा. भांडण त्याच्याशीच करायचं असतं.

पत्र असं लिहिता येईल:

> महोदय,
>
> दिनांक ____ रोजी आपल्या ____ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून माझे वडील यांना ____ येथून ____ येथे नेण्यात आले. आपण ____ रुपये आकारले. ही रक्कम मी दिनांक ____ रोजी यूपीआयने दिली आहे.
>
> बिलातील पुढील बाबींवर माझी हरकत आहे:
> १. अंतर ३२० किमी लावले आहे. नकाशाप्रमाणे जाऊन-येऊन २२० किमी होते. प्रत जोडली आहे.
> २. डॉक्टरचे शुल्क लावले आहे. सोबत असलेल्या डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक कळवावा.
> ३. जीएसटी आकारला आहे. रुग्ण वाहतुकीवर तो लागू नाही.
>
> हिशोबाप्रमाणे होणारी रक्कम ____ रुपये आहे. जादा घेतलेले ____ रुपये १५ दिवसांत परत करावेत, अन्यथा मला परिवहन विभाग व ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.
>
> आपला,

पत्रात 'लुटारू', 'चोर' असे शब्द घालू नका. पुढे हेच पत्र अधिकाऱ्यापुढे आणि आयोगापुढे जाणार आहे. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर टाका.

माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. मालकाचा फोन येतो: "दादा, एवढं कशाला, बसून बोलू." बोला. तो पूर्ण आकडा देणार नाही, मधला काहीतरी देईल. किती कमीवर थांबायचं ते घरात आधी ठरवून ठेवा, फोनवर ठरवू नका.

## टप्पा ६: विम्याचा दावा याच वेळी, वेगळा

इथे लोक थांबून राहतात. आधी मालकाशी निकाल लागू दे, मग क्लेम करू असं म्हणतात आणि क्लेमची मुदत निघून जाते. दोन्ही एकाच वेळी चालवा. मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांत सारख्याच असणाऱ्या पॉलिसीत दवाखान्याच्या खर्चाचे कागद डिस्चार्जपासून ३० दिवसांत द्यायचे असतात.

पॉलिसी उघडून 'रुग्णवाहिका' शब्द शोधा. तीन गोष्टी कळतील.

मर्यादा किती? आरोग्य संजीवनीत प्रत्येक भरतीमागे २,००० रुपये मिळतात. इतर पॉलिसींत कमी-जास्त असतं. त्यामुळे १७ हजारांचं बिल पूर्ण मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रवास कोणता? दवाखान्यात नेण्याचा खर्च धरतात. डिस्चार्जनंतर घरी आणण्याचा बहुधा नाही. एका दवाखान्यातून दुसरीकडे नेलं असेल तर पहिल्या डॉक्टरने कारणासह रेफर केल्याची चिठ्ठी लागते.

कशाला पैसे नाहीत? विमा नियामकाच्या न मिळणाऱ्या बाबींच्या यादीत रुग्णवाहिकेतली उपकरणं येतात. म्हणून बिलात 'उपकरण शुल्क' अशी वेगळी ओळ असेल तर ती कापली जाण्याची शक्यता जास्त. तपशीलवार बिल मागताना हे लक्षात ठेवा, पण विम्यासाठी खोटं बिल बनवून घेऊ नका. त्यात सगळा क्लेमच बुडतो.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक आहे. त्यापुढे विमा लोकपाल. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षभरात जावं लागतं.

सावधान: विम्यातून जी रक्कम मिळाली ती मालकाकडून परत मागू नका. पत्रातला आकडा त्याप्रमाणे कमी करा.

## टप्पा ७: तक्रार, आणि ती योग्य दारात

१५ दिवस झाले, उत्तर नाही. आता दार निवडा.

दरपत्रकापेक्षा जास्त भाडं, नोंदणी किंवा फिटनेसमधला घोळ: आरटीओ कार्यालय. सोबत बिल, दरपत्रक, नकाशा आणि पत्राची पोच जोडा. ते गाडीवर कारवाई करू शकतात. तुमचे पैसे परत मिळवून देणं हे त्यांचं मुख्य काम नाही, हे आधीच ध्यानात घ्या. पण आरटीओकडून नोटीस गेली की मालक स्वतःहून पैसे घेऊन आलेले मी पाहिलेत.

आरटीओत तक्रार पडून राहिली तर 'आपले सरकार' पोर्टलवर टाका, नाहीतर लोकशाही दिनाला जा. जिल्हाधिकारी कार्यालयात तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. जिल्हाधिकारी हेच प्राधिकरणाचे अध्यक्ष असल्यामुळे ही तक्रार तिथे अस्थानी ठरत नाही. लोकशाही दिनाचा अर्ज आधी द्यावा लागतो, त्या सकाळी कागद घेऊन गेलात तर पुढच्या महिन्याची वाट बघावी लागते.

रुग्णालयाने लावलेलं बिल, सक्तीने बोलावलेली गाडी, बाहेरची गाडी आत येऊ न देणं: आधी रुग्णालयाचा तक्रार निवारण कक्ष, मग महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक. रुग्णालयाची नोंदणी त्यांच्याकडे असते.

पैसे परत हवे आहेत: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथे खटला चालत नाही, समोरच्याला तुमची तक्रार कळवून तडजोडीचा प्रयत्न होतो. मोठ्या रुग्णालयाला किंवा कंपनीला याचा धाक असतो, एका गाडीच्या मालकाला फारसा नसतो.

एकच तक्रार एकाच दिवशी सहा ठिकाणी पाठवायची सवय असते आपल्याला. त्याने प्रत्येक टेबलावरून 'दुसरीकडे वर्ग' असा शेरा मिळतो. पैशांसाठी एक दार, कारवाईसाठी एक दार, एवढं पुरे.

## टप्पा ८: ग्राहक आयोग

इथे जाण्याआधी आकडा पाहा. दोन हजारांसाठी चार चकरा मारायच्या का हे तुम्हीच ठरवा. मी दहा हजारांच्या आत शक्यतो लोकांना परावृत्त करतो, पण तत्त्वासाठी गेलेले आणि समाधानी परतलेले एक निवृत्त मास्तर माझ्या ओळखीचे आहेत.

जायचंच असेल तर हे लक्षात ठेवा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, गाडीवाला दुसऱ्या जिल्ह्याचा असला तरी. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. तक्रार ऑनलाइन भरता येते, स्वतः बाजू मांडता येते. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं.

प्रतिवादी म्हणून गाडीच्या मालकाचं किंवा संस्थेचं नाव घाला. ड्रायव्हरचं एकट्याचं घातलंत तर तो गाव सोडून गेलेला असतो आणि नोटीस 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत येते. पावती रुग्णालयाची असेल तर रुग्णालयही प्रतिवादी करा.

मागणी दोन भागांत मांडा: जादा घेतलेली रक्कम, आणि त्रास व खर्चाची भरपाई. दुसरा आकडा भरमसाट टाकू नका. ११ हजारांच्या वादात पाच लाखांची भरपाई मागितलेली पाहून आयोगापुढे तुमचंच वजन कमी होतं.

## तडजोड झाली तर

बहुतेक प्रकरणांचा शेवट तडजोडीत होतो, आणि तिथेही चूक होतेच. मालक रोख पैसे घेऊन येतो, एका कागदावर सही मागतो. त्यावर 'माझी कोणतीही तक्रार नव्हती व नाही' असं लिहिलेलं असतं. त्यावर सही करू नका. 'बिलाच्या वादापोटी ____ रुपये परत मिळाले, आता या रकमेबद्दल दावा उरला नाही' एवढंच लिहा. पैसे खात्यावर घ्या. आधी पैसे, मग सही.

विम्याचा क्लेम अजून चालू असेल तर परत मिळालेली रक्कम कंपनीला लेखी कळवा. आरटीओला दिलेली तक्रार मागे घ्यायची का, हा वेगळा प्रश्न आहे. मालक तशी अट घालतो. पैशांचा वाद मिटला तरी गाडीचं फिटनेस संपलेलं असेल तर ती तक्रार मागे घेऊ नका, कारण त्या गाडीत उद्या दुसऱ्याचा पेशंट असणार आहे.